देवघेव

आमच्या गावच्या वाचनालयात मी एक वर्ष ग्रंथपाल होतो. ग्रंथपाल हा शब्द मोठा आहे. काम म्हणजे संध्याकाळी पाच वाजता कुलूप काढायचं, झाडून घ्यायचं, पेपर टेबलावर मांडायचे आणि आठ वाजता पुन्हा कुलूप लावायचं. पगार महिना पंचाहत्तर रुपये, तोही वर्षाचं अनुदान आल्यावर एकदम. साल १९८९. बारावीला मार्क बेताचे पडले होते, पुढं काय करायचं ते ठरत नव्हतं आणि बाबांच्या धानाच्या बांधीत मी काही कामाचा नव्हतो. चिखलात उतरलो की परे कमी आणि पायच जास्त रोवायचो. तेव्हा आमच्या गुरुजींनी बाबांना सांगितलं, ‘पोराला वाचनालयात बसवतो. निदान पेपर तरी वाचेल.’

गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, वाचनालयाचे सचिव. गाव वैनगंगेच्या काठावरचं, भंडाऱ्याहून एसटीनं पाऊण तासाचं. जुन्या चावडीची एक खोली वाचनालयाला मिळाली होती. दोन लोखंडी अलमाऱ्या, एक लाकडी, एक लांब टेबल, दोन बाकं आणि एक पिवळा बल्ब. पुस्तकं नऊशेच्या आसपास. त्यातली बरीचशी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानकडून आलेली, तसा शिक्का मारलेली. काही गुरुजींनी लग्नाकार्यात लोकांच्या मागं लागून मिळवलेली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. गावातल्या चार माणसांनी संस्था काढायची, वाचनालय चालवायचं आणि सरकारनं त्याला मान्यता देऊन अनुदान द्यायचं, अशी त्याची रीत. अ, ब, क, ड असे चार वर्ग. आमचं ‘ड’ वर्गातलं, म्हणजे शेवटच्या बाकावरचं. पण शेवटच्या बाकावर राहायलाही हजेरी लागते. पुस्तकांची दाखल नोंदवही, सभासदांची नोंदवही, पुस्तक नेल्या-आणल्याची देवघेव नोंदवही, रोजच्या वाचकांची वही आणि आल्यागेल्या पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही, एवढ्या वह्यांवर ते वाचनालय उभं होतं. पुस्तकं नंतर.

येणारे लोक ठरलेले. सव्वापाचला नागपूरचे पेपर वाचायला म्हातारी मंडळी यायची. सकाळी छापलेला पेपर आमच्याकडे दुपारच्या एसटीनं पोचायचा, त्यामुळं आमच्या गावात बातमी नेहमी अर्धा दिवस शिळी. पण तुमसरच्या बाजारात धान काय भावानं गेला हे पाहिल्याशिवाय कुणी उठत नसे. मग नोकरी शोधणारी पोरं यायची. त्यांना हिंदी रोजगार समाचार लागायचा. त्यातल्या जाहिरातीचा कोपरा कुणी फाडून नेला की दुसऱ्या दिवशी भांडण ठरलेलं. पोलिसात भरती व्हायचं म्हणणारा एक जण तर वाचनालयाच्या भिंतीवर खूण करून रोज आपली उंची मोजायचा.

ढिवरांच्या मोहल्ल्यातला एक म्हातारा आठवड्यातून दोनदा यायचा. त्याला अक्षर येत नव्हतं. तो मारुती चितमपल्ली यांचं पुस्तक काढायला लावायचा. चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी होते आणि तेव्हा नवेगाव आमच्या भंडारा जिल्ह्यातच होतं. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ साली. मी पक्ष्यांची नावं वाचायचो आणि म्हातारा मान हलवायचा. एखाद्या पक्ष्यावर थांबून म्हणायचा, ‘हा आमच्या मोहल्ल्यात दुसऱ्या नावानं रायते.’ मी पुस्तकातलं बरोबर म्हणायचो, तो नदीतलं. पुढं कळलं की चितमपल्लींनीही तिकडच्या ढिवरांना विचारूनच पुष्कळसं लिहून घेतलं होतं. म्हणजे म्हातारा माझ्यापेक्षा जास्त बरोबर होता.

बायका मात्र येत नसत. चावडीसमोरच्या ओट्यावर बापे बसलेले असायचे, त्यांच्यासमोरून वाचनालयात चढायचं म्हणजे गावभर चर्चा. पोरींमध्ये एकच यायची, मागच्या आळीतल्या काकीची. आठवीत होती. काकी बिड्या वळायची. आमच्याकडे दर तिसऱ्या घरात हे काम चालतं. तेंदूची पानं रात्री भिजवायची, सकाळी पत्र्याच्या फर्म्यावर कैचीनं कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्यानं बांधायची. पंचवीस बिड्यांचा कट्टा. हजार झाल्या की डेपोवर न्यायच्या. तिथं मुनीम वाकडीतिकडी बिडी बाजूला काढणार, त्याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे नाहीत. ती मुलगी काकीची पोटची नव्हती. जाऊ बाळंतपणात गेली तेव्हा काकीनं तिला उचलून घेतलं होतं.

मुलगी दारातून हळूच यायची, लाकडी अलमारीजवळ जमिनीवर बसायची आणि ‘किशोर’चे जुने अंक वाचायची. मी तिला उठवायचो. एकदा नाही, पुष्कळदा. कारण सभासद होण्यासाठी पाच रुपये अनामत आणि महिना आठ आणे वर्गणी असा नियम होता, आणि माझ्या हातात आयुष्यात पहिल्यांदाच एक नियम आला होता. ‘अनामत आणली का? नाही? मग जा.’ ती काही न बोलता अंक जागेवर ठेवून जायची. दोन दिवसांनी पुन्हा हजर.

डिसेंबरात गुरुजी घाबरेघुबरे आले. तपासणीला साहेब येणार होते. गुरुजींनी वह्या उघडल्या आणि डोक्याला हात लावला. देवघेव वहीत महिन्याला दहाबारा नोंदी. स्त्री वाचक शून्य. गुरुजी सरळ माणूस होता. आयुष्यात कुणाचा पाव किलो तांदूळ त्यांनी बुडवला नसेल. पण ते म्हणाले, ‘अनुदान बंद झालं तर वाचनालय बंद होईल बाबू. वह्या जरा भरून काढ.’

मी दोन रात्री बसून भरल्या. तीन पेन बदलले, कुठं अक्षर तिरपं केलं, कुठं जाड. गावातल्या बावीस बायकांना मी सभासद करून टाकलं. मतदार यादी समोर होतीच. कुणाला ‘ययाति’ दिलं, कुणाला ‘स्वामी’. काकीचं नाव आलं तेव्हा हाताशी ‘मृत्युंजय’ होतं. ते आपल्या कप्प्यात नव्हतं, ‘किशोर’च्या अंकांवर आडवं पडलेलं होतं. कुणीतरी चुकीच्या जागी ठेवलं असेल म्हणून मी ते उचललं, नंबर पाहिला आणि काकीच्या नावावर चढवलं. नोव्हेंबरात नेलं, बारा दिवसांनी परत. मला त्या कामाची लाज वाटली नाही. उलट दुसऱ्या रात्री तर मजा यायला लागली होती.

जानेवारीत साहेब आले. एसटीतून उतरले, चहा घेतला, चष्मा पुसला आणि वह्या मागितल्या. ते चांगले माणूस होते, आवाज चढवणारे नव्हते. दाखल वही पाहिली, अलमारीतली चारपाच पुस्तकं काढून नंबर ताडून पाहिले. मग देवघेव वही. बोट वरून खाली, वरून खाली. एका जागी थांबलं.

‘एवढं जाड पुस्तक बारा दिवसांत वाचलं या बाईंनी? कुठं राहतात?’

गुरुजींच्या तोंडातून शब्द निघेना. मीच म्हणालो, ‘मागच्या आळीत.’

‘बोलवा. भेटू द्या आम्हाला अशा वाचकांना.’

मी पळत गेलो. काकी ओसरीत सूप घेऊन बसली होती. चाळीस पावलांचा तो रस्ता, त्यात मी तिला सगळं सांगितलं. ‘काकी, तुमचं नाव मी वहीत लिहिलं. पुस्तक नेलं म्हणून. साहेब विचारतात. मृत्युंजय. कर्णाचं आहे.’ तिनं माझ्याकडं पाहिलं. ओरडली नाही, की नाही म्हणाली नाही. सूप बाजूला ठेवलं, लुगड्याला हात पुसले आणि चालायला लागली. गावातली ती पहिली बाई, जी ओट्यावरच्या बाप्यांसमोरून वाचनालयाची पायरी चढली. तिच्या मागं मुलगीही आली होती.

साहेबांनी नमस्कार केला. ‘मृत्युंजय तुम्ही वाचलंत का?’

‘मले वाचता नाई येत साहेब,’ काकी म्हणाली.

गुरुजींनी डोळे मिटले. माझ्या पोटात खड्डा पडला.

‘टुरी वाचते, मी आयकतो,’ काकी म्हणाली. आमच्याकडच्या बायका ‘मी ऐकतो’ असंच म्हणतात.

‘अस्सं? मग काय आहे त्या पुस्तकात?’

‘कर्नाचं आहे. त्याची माय त्याले नदीत सोडून देते. रथ हाकलनाऱ्याच्या बायकोले तो सापडते, ते पोसते त्याले. मंग जलमभर लोक त्याले एकच इचारतात, तू कोनाचा? टाकते ते माय का पोसते ते माय, येवढंच आहे साहेब त्याच्यात.’

साहेब थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी अभिप्राय वही ओढली आणि चार ओळी लिहिल्या. महिला वाचकांशी बोललो, समाधान वाटलं, अशा अर्थाच्या. वाचनालय वाचलं.

मला वाटलं, काकीनं टीव्हीवरचं सांगितलं. त्या वर्षी दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर महाभारत लागायचं. गावात एकाच घरी टीव्ही होता आणि खिडकीपाशी सगळी आळी उभी असायची. काकीच्या डोक्याचं मला कौतुक वाटलं. बाई अडाणी, पण कशी वेळ मारून नेली, असं मी गुरुजींना म्हणालोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता काकी दारात. या वेळी बोलावलं नव्हतं.

‘काल तुया मान राखलो का नाई?’

‘राखला काकी.’

‘माया नाव वहीत आहे ना?’

‘आहे.’

‘मंग माया नावावर टुरीले पुस्तक देत जाजो. तू हाकलतेस तिले, मले मालूम आहे. घरी येऊन काई सांगत नाई ते, पन मोहरा पाहून समजते मले. पाच रुपये एकदम नाई निघत बाबू. चार आने, आठ आने देत जाईन.’

मी मान खाली घातली. खोट्या सभासदाची अनामत मी वहीत जमा दाखवली होती. खऱ्या मुलीला पाच रुपयांसाठी रोज हाकललं होतं. तोवर ही दोन्ही कामं मी एकमेकांशेजारी ठेवून पाहिलीच नव्हती.

‘आन दुसरं,’ काकी म्हणाली, ‘ते पुस्तक पुरं वाचून दाखव. आमाले सगळ्याइले. रात्री येजो, वळता वळता आयकू.’

संक्रांतीनंतर मी जायला लागलो. आठवड्यातून तीन दिवस, वाचनालयाला कुलूप लावलं की ‘मृत्युंजय’ बगलेत मारून काकीच्या ओसरीत. कंदील, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, तंबाखूचा घशाला लागणारा वास आणि सात-आठ बायका. पहिल्या रात्री मी वाचायला सुरुवात केली तर काकी म्हणाली, ‘हे झालं. समोरचं वाच.’ मी चार पानं उलटली. ‘आनखीन समोर.’ मला वाटलं, टीव्हीवर पाहिलंय म्हणून घाई करते आहे.

शिवाजी सावंतांच्या त्या कादंबरीत गोष्ट एकटा कर्ण सांगत नाही. कुंती सांगते, वृषाली सांगते, दुर्योधन, शोण आणि शेवटी कृष्णही सांगतो. बायकांना हे फार आवडलं. कुंतीची पाळी आली तेव्हा ओसरीत दोन तट पडले. एकीचं म्हणणं, राजाची पोर होती, तिला कसली भीती, सांभाळायला पाहिजे होतं. दुसरी म्हणाली, ‘तुया घरी झालं असतं तं तू काय केली असतीस? वैनगंगा जवरच आहे.’ त्यावर कुणी बोललं नाही. बराच वेळ फक्त कैच्यांचा आवाज. त्या गावात नदीला काय काय ठाऊक होतं, ते मला त्या रात्री पहिल्यांदा समजल्यासारखं झालं.

कवचकुंडलं काढून देण्याच्या भागात तर हात थांबले. दुसऱ्या दिवशी डेपोवर एकीची तक्रार, ‘त्या कर्नापायी माये दोन कट्टे छाटीत गेले!’ माझा घसा बसला की मुलगी वाचायची. ती माझ्यापेक्षा बरं वाचायची. मी ग्रंथपाल असल्यासारखा वाचायचो, ती शेजारच्या घरातली बातमी सांगावी तशी.

उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा हंगाम लागला, बायका पहाटेच जंगलात जायला लागल्या, त्याच्या आधी पुस्तक संपलं. तोवर त्या बावीस खोट्या नावांपैकी सात नावं खरी झाली होती. चार आणे, आठ आणे करत त्यांनी अनामत भरली. मी ती कुठं जमा दाखवणार? वहीत आधीच भरलेली होती! शेवटी गुरुजींनी त्या पैशांतून बाकं दुरुस्त करून घेतली.

जूनमध्ये मी नागपूरला गेलो. पदवी घेतली, मग ग्रंथपालनाचा कोर्स केला आणि एका कॉलेजात नोकरीला लागलो. कोर्समध्ये रंगनाथन यांचे ग्रंथालयाचे पाच नियम शिकवले, १९३१ साली मांडलेले. पुस्तकं वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, असं ते पुढं जातं. परीक्षेत मी पानभर लिहिलं. लिहिताना अलमारीजवळ जमिनीवर बसलेली मुलगी डोळ्यांसमोर होती. मार्क चांगले पडले.

२०२० च्या ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला पूर आला. भंडारा शहरातही पाणी शिरलं. आमच्या गावात चावडीच्या खिडकीपर्यंत होतं. कोरोनामुळं मार्चपासून वाचनालय बंदच, त्यामुळं अलमाऱ्या हलवायला कुणी नव्हतं. पाणी उतरल्यावर मी गावी गेलो. गुरुजी नव्हते, काकीही जाऊन काही वर्षं झाली होती. वाचनालय आता काकीची मुलगी पाहत होती. गावातच दिली होती तिला. अंगणवाडीचं काम करून संध्याकाळी कुलूप उघडायची. चाळिशी ओलांडलेली बाई, पण बसायची सवय तीच. अंगणात जमिनीवर बसून एकेक पुस्तक उघडत होती.

खाटांवर पुस्तकं आणि वह्या वाळत घातल्या होत्या. चिखलाचा आणि कुजक्या कागदाचा वास. ‘मृत्युंजय’ची पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. १९८९ ची देवघेव वही उघडली तर माझ्या शाईच्या पेनांनी लिहिलेलं सगळं पसरून निळं पाणी झालं होतं. फक्त बॉलपेननं लिहिलेल्या नोंदी शिल्लक होत्या. त्यात काकीची ती ओळ होती.

मला राहवलं नाही. म्हणालो, ‘बाई, ही नोंद खोटी आहे. तपासणीसाठी मी लिहिली होती. तुझ्या आईनं त्या दिवशी मला वाचवलं.’

ती हसली. ‘मले माहीत आहे भाऊ. पन नोंद खोटी नाही.’

‘म्हणजे?’

‘ते पुस्तक मी नेलं होतं. तुम्ही हाकलायचे ना, तं एक दिवस पानाच्या थैलीत टाकून नेलं. आईले वाचून दाखवत होती रोज. शंभरेक पानं झाली असतील. मंग तपासनी येनार मनून समजलं, पुस्तक सापडलं नाही तं तुमच्यावर येईल मनून आईनं परत ठेवायले लावलं. घाईत किशोरवर ठेवलं.’

मी खाटेच्या कडेवर बसलो. ‘टुरी वाचते, मी आयकतो.’ काकी त्या दिवशी साहेबांशी एक शब्द खोटं बोलली नव्हती. त्या खोलीत खोटं बोलणारे आम्ही दोघंच होतो, मी आणि गुरुजी. आणि तीस वर्षं मी ही गोष्ट लोकांना सांगत आलो होतो ती एका अडाणी बाईच्या हुशारीची म्हणून.

‘तेव्हाच का नाही सांगितलं?’

‘चोरी होती ना ते,’ ती म्हणाली. ‘आई मनायची, त्यानं आपल्याले फुकट सभासद केलं, आपन त्याचं पुस्तक फुकट नेलं. फिटलं.’

दिवाळीनंतर मी नागपूरहून काही पुस्तकं घेऊन गेलो, त्यात ‘मृत्युंजय’ची नवी प्रत होती. तिनं दाखल नोंदवहीत नंबर घातला, शिक्का मारला. नवी देवघेव वही सुरू करायची होती. पहिलं पान कोरं. मी म्हटलं, ‘पहिली नोंद काकीच्या नावानं कर. तिचं पुस्तक आहे.’

ती थांबली. मग म्हणाली, ‘मेलेल्या मानसाच्या नावावर पुस्तक कसं देता येईल भाऊ? खोटी नोंद होईल.’

दारात एक मुलगी उभी होती, तोंडाला रुमाल बांधलेली, सातवी-आठवीतली. किती वेळ उभी होती कोण जाणे. बाईनं तिला नाव विचारलं, वहीत लिहिलं आणि पुस्तक तिच्या हातात दिलं. मुलीनं ते दोन्ही हातांनी धरलं, जड होतं.

‘अनामत?’ माझ्या तोंडातून निघून गेलं. सवय, दुसरं काय.

बाईनं माझ्याकडं पाहिलं आणि वही मिटली.